तीनशे पौंड आणि एक शिट्टी

स्मरणिका समितीतून फोन आला तेव्हा पहिलीच अट घातली गेली, "आठवणी लिहू नकोस. आठवणींचे लेख पोत्याने आलेत. मधल्या सुट्टीतल्या वड्यावरच चार आहेत." म्हणून मी इतिहास लिहायला बसले आहे. आमच्या इतिहासाच्या बाईंना हे वाचून हसू येईल. त्यांच्या विषयात मला कधी साठच्या वर मार्क पडले नाहीत, कारण सनावळ्या पाठ व्हायच्या नाहीत. या लेखातल्या सनावळ्या मात्र मला तोंडपाठ आहेत, बाई. विषय आपल्या अभ्यासक्रमातला नाही एवढंच.

तरी एक आठवण सांगावीच लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या स्नेहसंमेलनाला माइकची शिट्टी वाजायची. पाहुणे बोलायला उभे राहिले, "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणाले, की कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी कूऽऽऽ अशी किंकाळी. आम्ही कानांवर हात ठेवून हसायचो, मंडपवाला धावत जाऊन माइक फिरवायचा. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर त्या शिट्टीला फीडबॅक म्हणतात हे कळलं. माइकमध्ये शिरलेला आवाज मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन पुन्हा बाहेर येतो. प्रत्येक फेरीत आवाज थोडा जरी वाढत असेल, तरी क्षणभरात यंत्र स्वतःच ओरडायला लागतं. कुणी काही बोलायची गरज उरत नाही. आमच्या धंद्यात याला अनंत लूप म्हणतात आणि तो लिहिणाऱ्याला बोलणी बसतात.

तर ही गोष्ट त्या शिट्टीचं गाणं करणाऱ्या दोन भावांची आहे.

२००७ साली कंपनीने मला ग्लासगोच्या एका कामासाठी स्कॉटलंडला पाठवलं. ग्लासगोत घरभाडं परवडेना म्हणून मी ईस्ट किलब्राइडला राहिले. ग्लासगोहून लोकलने अर्धा तास. हे गाव म्हणजे स्कॉटलंडचं पहिलं 'नवं शहर'. ग्लासगोच्या दाटीतली कुटुंबं बाहेर हलवायची म्हणून १९४७ साली सरकारने ठरवून वसवायला घेतलेलं. एकसारखी घरं, एकसारखे रस्ते, आणि दर दोन मिनिटांनी एक वर्तुळाकार चौक. इतके की लोक गावाला गमतीने 'पोलो मिंट सिटी' म्हणतात, मधे भोक असलेल्या त्या गोळ्यांवरून. ज्यांनी नवी मुंबईचे सेक्टर पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपण कुठल्या सेक्टरमध्ये आहोत हेच त्यांना कळलं नव्हतं, त्यांना माझी अवस्था समजेल. पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी वेगळ्याच घरासमोर उभी असायचे.

ऑफिसातल्या एका स्कॉटिश सहकाऱ्याने विचारलं, "तू राहतेस त्या गावातून एक बँड निघाला, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. त्याने एक सीडी दिली. घरी येऊन लावली तर वाटलं, सीडी बिघडली आहे. मागे कुठेतरी छान, साधं, जुन्या सिनेमातल्यासारखं गाणं चाललेलं आणि त्यावर कुणीतरी पत्रा कापतंय. मी दोनदा सीडी पुसली.

तो बँड म्हणजे 'द जीझस अँड मेरी चेन' आणि ती सीडी म्हणजे १९८५ सालचा त्यांचा पहिला अल्बम, 'सायकोकँडी'.

विल्यम रीडचा जन्म १९५८चा, धाकट्या जिमचा १९६१चा. दोघेही लाजाळू, दोघांनाही फारसे मित्र नाहीत. १९७६-७७च्या सुमारास इंग्लंडात पंक संगीताची लाट आली. त्या लाटेचा खरा निरोप असा होता, की वाजवता येत नसलं तरी वाजवायला हरकत नाही. या दोघांनी तो निरोप ऐकला आणि पुढची पाच-सहा वर्षं काहीच केलं नाही. कारखान्यात नोकऱ्या धरल्या, सोडल्या, मग सरकारी बेकारभत्त्यावर घरी बसले. ते दिवसही तसेच होते. मार्गारेट थॅचर यांच्या काळात, १९८२ सालापासून ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता आणि स्कॉटलंडचे जुने कारखाने एकामागून एक बंद पडत होते. भाऊ रात्र रात्र जागून आपला बँड कसा असेल यावर बोलत. कपडे कसे असतील, मुखपृष्ठ कसं असेल, सगळं ठरलेलं. फक्त बँड नव्हता.

मग वडिलांची नोकरी गेली. १९८३ साली कारखान्याने कामगार कमी केले आणि त्यांच्या हातात नुकसानभरपाईची रक्कम आली. त्यातले तीनशे पौंड त्यांनी या दोन बेकार मुलांना दिले. तेव्हाच्या भावाने साडेचार हजार रुपयांच्या आसपास. पोरांनी त्या पैशांचा पोर्टास्टुडिओ आणला.

हे यंत्र काय होतं हे कॅसेटच्या जमान्यातल्या आपल्याला सांगायला सोपं जातं. साध्या कॅसेटच्या फितीवर आवाजाच्या चार समांतर पट्ट्या असतात. दोन 'ए' बाजूच्या, दोन 'बी' बाजूच्या; म्हणून तर कॅसेट उलटी करून लावायची. १९७९ साली टीअॅक या जपानी कंपनीने असं यंत्र काढलं, जे या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतं. एका पट्टीवर गिटार भरा, ती ऐकत ऐकत दुसरीवर ड्रम, तिसरीवर गाणं. जे काम करायला आधी स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागे, ते आता पलंगावर बसून होऊ लागलं. चुकलं तर पुसून पुन्हा. स्टुडिओत पायही न ठेवलेल्या माणसाच्या हातात रेकॉर्डिंग आलं, ते या डब्यामुळे. माझ्या मते संगीताच्या इतिहासात याला जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही, पण मी यंत्रांच्या बाजूची असल्याने माझं मत तसंच असणार.

भावांच्या डोक्यात दोन टोकं होती. एकीकडे साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींचे गट, रॉनेट्स, शांग्री-लाज. शाळकरी प्रेमाची गोड, रडवेली गाणी. दुसरीकडे न्यूयॉर्कचा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड आणि त्याहून पुढे जाऊन पत्रे, ड्रिल यंत्रं घेऊन वाजवणारे बर्लिनचे लोक. ही दोन्ही एकाच गाण्यात का असू नयेत? श्रीखंडावर ठेचा वाढावा तसा हा प्रकार. आधी कुणी करून पाहिला नव्हता, कारण कुणाला तसं वाटलंच नव्हतं. डग्लस हार्ट नावाचा गावातलाच एक पोरगा बेस गिटारला आला. बेसला चार तारा असतात, याच्या गिटारला दोनच होत्या, आणि त्याला दोन पुरत होत्या.

आता आपल्या मेळाव्याशी संबंध येणारा भाग.

पोर्टास्टुडिओवर भरलेली गाणी त्यांनी ग्लासगोत कार्यक्रम ठेवणाऱ्या एका माणसाला दिली. त्याला ती आवडली नाहीत. पण पैसे नसलेले लोक कोरी कॅसेट वापरत नाहीत. या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइडचा जुना गायक सिड बॅरेट याची गाणी भरलेली होती. तेवढ्यासाठी ती कॅसेट सिड बॅरेटच्या एका चाहत्याकडे गेली, त्याचं नाव बॉबी गिलेस्पी. त्याने बॅरेट ऐकला, मग कॅसेट उलटली. आणि त्याला जे सापडलं ते त्याने आपल्या शाळेतल्या मित्राकडे, लंडनला पोचवलं.

हा मित्र अॅलन मॅक्गी. दोघे ग्लासगोच्या किंग्ज पार्क शाळेतले. मॅक्गी लंडनला ब्रिटिश रेल्वेत कारकून होता, आणि १९८३ साली त्याने 'क्रिएशन' नावाची चिमुकली रेकॉर्ड कंपनी काढली होती. एका पबच्या माडीवर तो बँडचे कार्यक्रमही ठेवायचा. एका माणसाला न आवडलेली कॅसेट, उलट्या बाजूच्या गाण्यांमुळे दुसऱ्याकडे जाते आणि तो ती शाळेतल्या मित्राला देतो. यातला एक दुवा तुटला असता तर पुढचं काही झालं नसतं. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, त्यांच्याकडे मी हल्ली जरा आदराने बघते.

जून १९८४मध्ये हे लोक मॅक्गीच्या माडीवर वाजवायला लंडनला आले. खोली लहान, सामान जेमतेम, भाऊ एकमेकांवर खेकसतायत आणि अॅम्प्लिफायर किंचाळतायत. बाकीच्यांना गोंधळ दिसला. मॅक्गीने तिथल्या तिथे रेकॉर्ड काढायचं ठरवलं.

इथे पुन्हा थोडं विज्ञान. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल असते. पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज जागते, ती अॅम्प्लिफायर मोठी करतो, स्पीकर तिचा आवाज करतो. आता गिटार स्पीकरसमोर धरली तर त्या आवाजाच्या धक्क्यानेच तार पुन्हा हलते. म्हणजे आपल्या माइकचीच गोष्ट. फरक असा, की तार तिच्या ठरलेल्या स्वरांनाच साथ देते, त्यामुळे किंकाळीला सूर असतो. एक पाऊल मागे सरकलं, अंग वळवलं, की सूर बदलतो. पोकळ अंगाची गिटार तर लगेच घुमू लागते. जिमी हेंड्रिक्सने साठच्या दशकातच हे वापरलं होतं, पण एखाद्या जागी, दागिन्यासारखं. रीड बंधूंनी ते गाण्याच्या पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, तंबोऱ्यासारखं मागे चालू ठेवलं. माझ्या लेखी त्यांचा शोध हाच. आवाज मोठा करणारे पुष्कळ होते. आवाजाला षड्जाची जागा देणारे हे.

नोव्हेंबर १९८४मध्ये 'अपसाइड डाउन' हे पहिलं गाणं आलं. त्याच्या मागच्या बाजूला सिड बॅरेटचं एक गाणं त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलं होतं. कॅसेटचं ऋण असं फिटलं म्हणायचं. छोट्या कंपन्यांच्या रेकॉर्डांची तिकडे वेगळी यादी असते, तिच्यात १९८५च्या सुरुवातीला हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

तोपर्यंत पहिला ड्रमर सोडून गेला होता आणि त्याच्या जागी खुद्द बॉबी गिलेस्पी आला. त्याला ड्रम येत नव्हते. म्हणून त्याने सगळा संच बाजूला ठेवून फक्त दोन ड्रम घेतले आणि उभ्याने बडवायला सुरुवात केली. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मॉरीन टकरही उभ्यानेच वाजवायची, त्यामुळे नाइलाजाला परंपराही मिळाली.

पुढचे काही महिने बदनामीचे. कार्यक्रम जेमतेम वीस मिनिटांचे, तेही प्रेक्षकांकडे पाठ करून. यात उर्मटपणा किती आणि लाज किती, हे मला नीट ठरवता येत नाही. जिम रीडच्या मुलाखती पाहिल्यावर लाजेचा वाटा मोठा असावा असं वाटतं. १५ मार्च १९८५ रोजी नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकमध्ये गर्दी मावेना, बँड खूप उशिरा आला आणि थोडंसं वाजवून निघून गेला. मग प्रेक्षकांनी सामानाचा चुराडा केला. वर्तमानपत्रांनी 'दंगल' म्हणून छापलं आणि मॅक्गी, जो आता त्यांचा मॅनेजरही होता, खूष झाला. फुकटची जाहिरात. मला हा भाग आवडत नाही. फुटलेल्या काचांच्या बातम्यांमुळे ही माणसं गाणी चांगली लिहीत होती, ही गोष्ट मागे पडली.

एव्हाना ते 'ब्लांको इ नेग्रो' या, वॉर्नरच्या पंखाखालच्या कंपनीत गेले होते. मोठी कंपनी म्हणजे चांगले स्टुडिओ, आणि चांगले स्टुडिओ म्हणजे आवाज स्वच्छ करू पाहणारे तंत्रज्ञ. ते तिथे रमले नाहीत. शेवटी उत्तर लंडनच्या वुड ग्रीन भागातला सदर्न स्टुडिओ सापडला. तिथला जॉन लोडर हा तंत्रज्ञ 'क्रास' या पंक गटाची रेकॉर्डिंग करणारा. त्याला खरखरीची भीती नव्हती, आणि त्याने त्यांचं त्यांना करू दिलं. (नवीन मुलं हाताखाली आली की मी या लोडरची आठवण काढते. नेहमी जमत नाही.)

'सायकोकँडी' १८ नोव्हेंबर १९८५ला प्रसिद्ध झाला. १४ गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. पहिलं गाणं 'जस्ट लाइक हनी'. ते सुरू होतं हॅल ब्लेनने १९६३मध्ये रॉनेट्सच्या 'बी माय बेबी'साठी वाजवलेल्या ठेक्याने, धुम्, धुधुम्, थाप. गिलेस्पीच्या दोन ड्रमना तेवढंच झेपत होतं, आणि तेवढंच हवं होतं. जिम जवळजवळ कुजबुजत गातो. मागे विल्यमची गिटार. ऐकणाऱ्याने आधी त्या खरखरीत घुसायचं, मग आत गाणं सापडतं. पावसात खिडकीच्या काचेपलीकडचा दिवा दिसावा तसं. ब्रिटनच्या यादीत अल्बम ३१व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे धो धो खपला असं नाही. पण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपापले बँड काढले. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' आणि त्यांच्यानंतरची गिटारच्या धुक्यात गाणारी सगळी पिढी या चाळीस मिनिटांची देणेकरी आहे. २००३ सालचा 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांनी 'जस्ट लाइक हनी' शेवटी ऐकलेलं आहे.

भावांचं नंतर फाटलं. १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये भर कार्यक्रमात भांडण झालं, पुढच्या वर्षी बँड मोडला. मी ईस्ट किलब्राइडला गेले त्याच वर्षी, २००७मध्ये, ते पुन्हा एकत्र आले होते.

मला या गोष्टीने का धरून ठेवलं, ते इथे सांगायला हरकत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हेच झालेलं आहे. आपली शाळा वागळे इस्टेटच्या कामगारांच्या मुलांनी भरलेली होती. आपण दहावीत होतो त्याच्या आगेमागे एकेक भोंगा वाजायचा बंद झाला. माझ्या बाबांची कंपनी १९९७मध्ये बंद झाली. व्हीआरएसचे पैसे आले ते आईला एफडीत ठेवायचे होते. बाबांनी त्यातले अडतीस हजार काढले आणि लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला कॉम्प्युटर मला आणून दिला. मी तेव्हा बारावीत. तो कशासाठी असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही फारसं नव्हतं. पुढे इंटरनेट घेतलं तेव्हा मोडेमची किरकिर ऐकून ते धावत आले आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. त्यांना वाटलं, जळतोय.

पण रीडांच्या वडिलांचे पैसे दोन्ही मुलांना मिळाले. आमच्याकडे दोघांना पुरतील एवढे नव्हते. माझा दादा माझ्या दोन वर्षं पुढे, आपल्याच शाळेचा. पीटीच्या सरांना तो नक्की आठवत असेल, शाळेच्या बँडचा ड्रम त्याच्या गळ्यात असायचा. त्याला ऑक्टोपॅड हवा होता, एका ऑर्केस्ट्रात जागाही मिळत होती. त्याने घरात तो विषय काढलाच नाही. मला हे बऱ्याच वर्षांनी आईकडून कळलं. तो आयटीआय करून नोकरीला लागला आणि माझ्या पहिल्या दोन वर्षांची फी त्याच्या पगारातून गेली.

स्कॉटलंडहून परतल्यावर मी ती सीडी त्याला ऐकवली आणि सगळी गोष्ट सांगितली. कॉम्प्युटरचंही बोलायचं ठरवून गेले होते. तो डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरत ऐकत होता. तीन गाणी झाल्यावर म्हणाला, "ड्रम किती आहेत रे याच्याकडे? दोनच? आणि उभ्याने वाजवतो? मग हा आपल्या शाळेच्या बँडमधलाच की!" आणि पहिलं गाणं परत लावायला सांगितलं. मला बोलायचं होतं ते राहिलं.

ऑक्टोपॅड त्याने २०११मध्ये स्वतःच्या पैशाने घेतला. मेळाव्याच्या संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आहे, त्यात तो वाजवणार आहे. मंडपवाल्याला कुणीतरी आधी सांगून ठेवा, माइक कर्ण्यासमोर ठेवू नकोस म्हणावं. आणि ठेवलाच, तर लगेच धावत जाऊ नका.